लहान सेंद्रिय शेतात महिनाभर राबायला जाताना: कुठले काम अंगावर घ्यावे, कुठले सोडावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातली व्यक्ती, वय ३१, दिवसभर संगणकासमोर बसायचे काम, पाठ अधूनमधून धरते. जुलै-ऑगस्टमध्ये पाच आठवड्यांची रजा मिळाली आहे आणि ती सेंद्रिय शेतात काम करण्यात घालवायची आहे. समोर दोन जागा आहेत. पहिली म्हणजे मावळातले तीन एकरांचे शेत. तिथे राहणे-जेवण शेतकऱ्याच्या घरी, पैसे घेत नाहीत, रोज पाच तास काम आणि किमान तीन आठवडे राहण्याची अट. दुसरी जागा कर्जतच्या बाजूला आहे. तिथे एक आठवड्याचा मुक्काम, दिवसाला १,२०० रुपये, रोज दोन तास शेतात आणि बाकी वेळ माहितीची सत्रे. कुठे जावे, काय काम मिळेल, आणि "मी तिथे उपयोगी पडेन की त्यांच्यावर ओझे होईन", असे विचारले आहे.

माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न मुख्य आहे. त्याचे उत्तर नीट मिळाले की पहिले दोन आपोआप सुटतात.

आमच्याकडे दर पावसाळ्यात शेतकाम न केलेली माणसे राहायला येतात, त्यावरून सांगतो. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात शेतावर खर्चच असतो. त्याला दोन वेळचे जेवण, नाश्ता-चहा, अंथरूण-पांघरूण लागते, ते फारसे जड नाही. जड असतो तो शिकवण्याचा वेळ. घरातला जाणता माणूस रोज तासभर तरी त्याच्यामागे जातो, आणि लावणीच्या दिवसांत तो तास फार मोलाचा असतो. बेणणीला, म्हणजे तण काढायला, बसवले तर सराईत मावशींच्या तुलनेत नवखा माणूस पहिल्या आठवड्यात तिसरा हिस्सासुद्धा उरकत नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्म्यापर्यंत येतो. म्हणजे आठ दिवसांत परत जाणाऱ्या माणसाकडून शेताला कामाच्या रूपात काही मिळतच नाही. तीन आठवड्यांची अट घालणारे शेतकरी हा हिशेब अनुभवाने शिकलेले असतात. ती अट हे मला त्या जागेचे चांगले लक्षण वाटते.

मग उपयोगी कसे पडायचे? अंगमेहनतीत तुम्ही गावातल्या माणसांची बरोबरी करणार नाही, आणि पाच आठवड्यांत ती करायची गरजही नाही. प्रत्येक लहान शेतात रोज थोडे लक्ष मागणारी पाच-सहा कामे असतात. लावणी-बेणणीच्या धांदलीत नेमकी तीच उद्यावर ढकलली जातात: गांडूळखताच्या वाफ्याची ओल, जीवामृताचे (शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाचे) पिंप ढवळणे, रोपांचे ट्रे, बांधांवरून फेरी, भाजीची निवड-बांधणी आणि नोंदवही. यांना ताकद लागत नाही, नियमितपणा लागतो. यातले एक काम पूर्णपणे तुमच्या अंगावर घ्या, म्हणजे ते काम घरच्यांनी विसरले तरी चालेल इतके. उरलेल्या वेळात जिथे हात कमी पडतात तिथे मदतीला जा. आमच्याकडे आलेल्यांपैकी जे खरोखर उपयोगी पडले ते सगळे याच पद्धतीने.

अर्थात हे शेतावर अवलंबून आहे. गाई-बैल नसतील तर जीवामृताचे काम नसते. थेट ग्राहकाला भाजी देत नसतील तर निवड-बांधणी नसते. शेतात फक्त भात असेल तर लावणी उरकली की आठ-दहा दिवस हाताला फारसे काम राहत नाही. विदर्भ-मराठवाड्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीनची निंदणी आणि डवरणी, तिथले दिवस अगदी वेगळे. तुम्ही मावळ विचारले आहे, म्हणून भात आणि थोडा भाजीपाला धरून पुढचे लिहितो.

मावळात इंद्रायणी भात जास्त. ही जात वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राची. जूनमध्ये रोप टाकले की पाऊस साथ देईल तसे जुलैच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत लावणी चालते. तुम्ही जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पोचलात तर चिखलणीच्या आधीचे एक काम हमखास मिळेल: गिरिपुष्पाचा पाला तोडून खाचरात आणणे. बांधावरच्या गिरिपुष्पाची कोवळी पाने गुंठ्याला ३० किलो या प्रमाणात खाचरात पसरतात. देठ कडक असतील तर पाने ओरबाडून फांद्या बाजूला काढायच्या, नाहीतर त्या लावणीच्या वेळी पायाला लागतात. चिखलणी करताना पाला गाडला जातो आणि सुमारे आठवडाभर कुजू दिल्यावरच रोपे लावायची. घाई करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लावणी केली तर कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेने आणि वायूने रोपे पिवळी पडतात. हे नवख्या माणसासाठी उत्तम काम आहे. चूक होण्याची जागा कमी, आणि सेंद्रिय भाताला नत्र कुठून येते ते पहिल्याच दिवशी हातांनी समजते.

रोपे २१ ते २५ दिवसांची झाली की काढणी. गादीवाफ्यावर आधी पाणी सोडून माती सैल करायची, चार-पाच रोपे बुडख्याशी धरून तिरकी ओढायची. वरून शेंडा धरून ओढले तर मुळे वाफ्यातच तुटून राहतात. मुळांचा चिखल पाण्यात हलक्या हाताने धुवायचा, आपटायचे नाही. रोप उंच झाले असेल तर जुडी बांधल्यावर पानांचे शेंडे खुडतात. खोडकिडीची मादी अंडी शेंड्याजवळ घालते, त्यामुळे खुडलेले शेंडे गोळा करून खाचराबाहेर काढायचे असतात. बरेच जण ते तिथेच पाण्यात टाकतात आणि केलेले काम फुकट जाते.

लावताना दोन-तीन रोपे अंगठा आणि दोन बोटांत धरून सरळ, २ ते ३ सेंटिमीटर खोल लावायची. नवख्याची नेहमीची चूक म्हणजे रोप पडेल या भीतीने ते चार बोटे खोल खुपसणे. ते उभे राहते, जगतेही, पण फुटवे जिथून फुटायचे तो भाग चिखलात गाडला जातो. मग फुटवे उशिरा आणि कमी येतात, आणि हे नुकसान महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी चूक मूळ वर वळणे: रोप ढकलताना मुळांचे टोक वर राहते आणि ते रुजायला जास्त दिवस घेते. रोप किंचित खाली दाबून सोडताना हलकेच वर घेतले की मूळ सरळ बसते. खाचरात लावणीच्या वेळी पाणी दोन बोटांइतकेच हवे, जास्त असेल तर रोपे तरंगतात.

ओळीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सेंद्रिय भातात सगळे त्यावर आहे. तणनाशक मारायचे नसेल तर तण हाताने किंवा कोनोवीडरने (ओळींमधून हाताने ढकलायच्या तण काढण्याच्या अवजाराने) काढायचे, आणि कोनोवीडर ओळी सरळ असतील तरच फिरतो. त्यासाठी खुणा केलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरतात. साधारण २० सेंटिमीटरवर ओळी, ओळीत १५ सेंटिमीटरवर चूड, म्हणजे एकत्र लावलेली दोन-तीन रोपे. कोनोवीडर वापरणार असतील तर ओळी २५ सेंटिमीटरवर. दोरी धरणे आणि प्रत्येक ओळीनंतर न चुकता मोजून सरकवणे हे काम तुम्ही घ्या. लावणाऱ्या मावशी अशा वेगाने मागे सरकतात की दोरीवाला ढिला पडला तर सगळ्यांचे काम अडते, म्हणजे हे दिसायला किरकोळ असले तरी जबाबदारीचे काम आहे. तुमची पाठ धरते असे म्हणता, त्यामुळे वाकून लावणी सुरुवातीला तासाभरापेक्षा जास्त करू नका. तासभर लावणी, मग तासभर दोरी किंवा जुड्या पोचवणे, असे आलटून-पालटून. पहिल्या दिवशी ईर्ष्येने सलग चार तास वाकणारा माणूस पुढचे तीन दिवस अंथरुणात असतो.

लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी नांगे भरायचे, म्हणजे रोपे मेलेल्या रिकाम्या जागी नवी लावायची. त्यानंतर पहिली बेणणी. इथे नवख्याकडून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे भात उपटून जंगली सावा ठेवणे. दोन्हींची पाने लहानपणी सारखीच दिसतात. ओळखायची खूण अशी: पान जिथे खोडाला मिळते तो सांधा उलगडून पाहा. भाताला तिथे पातळ पांढुरकी जीभ असते आणि दोन्ही बाजूंना बारीक केसाळ कान असतात. साव्याला यातले काहीच नसते, सांधा गुळगुळीत असतो. पहिल्या दिवशी पाच-पन्नास रोपे अशी उलगडून पाहिलीत तर पुढे डोळ्यालाच फरक कळू लागतो. दोन ओळींच्या मधे उगवलेले रोप बहुधा तणच असते, पण चुडातले तण मात्र खूण पाहिल्याशिवाय उपटू नका.

भाजीपाल्याच्या वाफ्यातले तण वेगळे. घोळ, माठ, केना मुळासकट सहज निघतात आणि त्यातली घोळ-माठ जेवणातही जातात. पण केना उपटून ओल्या मातीवरच टाकला तर त्याची कांडी पुन्हा रुजतात, तो वाफ्याबाहेरच न्यायला हवा. लव्हाळा नुसता ओढला तर पात तुटते आणि खालची गाठ पुन्हा फुटते. खुरप्याचे टोक खोल घालून गाठीसकट काढायचा, आणि गाठी कंपोस्टमध्ये न टाकता कडक उन्हात वाळवायच्या. पावसाळ्यात ऊन नसते, म्हणून त्या वेगळ्या गोणीत भरून ठेवतात. गाजरगवताला मोजे घातल्याशिवाय हात लावू नका. त्याने कातडीला पुरळ येते, काहींना दमही लागतो. ते फुलायच्या आधी उपटले तर कंपोस्टला चालते, फुलल्यावर नाही.

आता अंगावर घ्यायच्या कामाकडे येतो. पाच आठवड्यांसाठी मी गांडूळखत सुचवेन, कारण त्याचे चक्र ४५ ते ६० दिवसांचे असते. म्हणजे तुम्ही असताना एखादा वाफा तयार होऊन निघेल आणि एखादा नवा भरला जाईल, दोन्ही टोके पाहायला मिळतील. वाफा साधारण तीन फूट रुंद, दीड फूट उंच, वर छप्पर. पावसाळ्यात गांडुळे मरण्याची आणि पळून जाण्याची कारणे दोन: बाजूने आत शिरणारे पाणी आणि ताजे शेण. पाण्यासाठी वाफ्याभोवती वीतभर खोल चर काढून त्याला उतार द्यायचा आणि तळाशी विटांचे तुकडे किंवा काटक्यांचा थर ठेवायचा. ताजे शेण कुजताना तापते, म्हणून ते दहा-पंधरा दिवस सावलीत पसरून, मधून मधून हलवून मगच वापरायचे. हात कोपरापर्यंत खुपसून पाहायचा, आत कोमट लागले तरी अजून थांबायचे.

ओल तपासायला मूठभर मिश्रण घट्ट दाबायचे. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त, मूठ उघडताच भुगा सुटला तर कमी. जुलैत बहुधा जास्तच असते. मग पाणी बंद करून कोरडा पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा बारीक करून मिसळायचा. आंबट वास आला म्हणजे हवा खेळत नाही. तेव्हा वरचा थर हाताने हलकेच मोकळा करायचा, फावडे घालायचे नाही. स्वयंपाकघरातले खारट, तेलकट आणि लिंबा-संत्र्याच्या साली वाफ्यात नकोत. खत काढण्याआधी चार-पाच दिवस पाणी बंद, मग उजेडात शंकूसारखे ढीग करायचे. गांडुळे उजेड टाळून खाली जातात, वरचे खत हाताने सारून घ्यायचे, पुन्हा थांबायचे, पुन्हा सारायचे. घाईत चाळणी मारली तर पिल्ले आणि अंडकोष खतासोबत जातात आणि पुढच्या वाफ्याला गांडुळे कमी पडतात.

जीवामृतही बहुतेक ठिकाणी असेल. एका एकरासाठी २०० लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपात पाणी, १० किलो ताजे देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो काळा गूळ, तेवढेच बेसन किंवा कुठल्याही कडधान्याचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचे, तोंडाला गोणपाट बांधायचे, काठीने दिवसातून दोन-तीनदा ढवळायचे. ४८ तासांनी तयार, आणि सात दिवसांत वापरून संपवायचे. झाकण घट्ट लावले तर आत वायू कोंडतो आणि मिश्रण सडते. बेसन थेट पिंपात टाकले तर गाठी होतात, आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यावे. नळाचे क्लोरीनचे पाणी टाळावे, विहिरीचे घ्यावे. पिंपाला लोखंडी सळी ढवळायला वापरू नये. मुसळधार पावसात, खाचर वाहत असताना जीवामृत सोडले तर ते शेजाऱ्याच्या शेतात जाते. उघडीप पाहून, बांधाची मोरी बंद करून सोडावे.

इथे एक मत स्पष्ट सांगतो, कारण तुम्हाला तिथे उलट ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. जीवामृत हे पिकाचे पूर्ण अन्न आहे असे मी मानत नाही. १० किलो शेणात एकरभर पिकाला पुरेल इतके नत्र असूच शकत नाही. ते मातीतल्या जिवाणूंना चालना देते, आणि त्या जिवाणूंना खायला मातीत काही असेल तरच पुढचे घडते. म्हणून ज्या शेतात आच्छादन, शेणखत, हिरवळीचे खत आहे तिथे त्याचा फरक दिसतो, उघड्या बोडक्या जमिनीत दिसत नाही. तुम्ही ज्या शेतात जाल तिथे शेणखत वर्षाला किती आणि कुठून येते, हे विचारा. या एका उत्तरावरून ते शेत किती विचाराने चालले आहे ते कळते.

बांधाची फेरी हे दुसरे काम, वेळ अर्धा तास. रात्री जोराचा पाऊस झाला की सकाळी सगळ्या खाचरांचे बांध पायी पाहायचे. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपते, दोन दिवसांत भोक मनगटाएवढे होते आणि मग बांधच फुटतो. पाणी बाहेर जिथे गढूळ निघते त्याच्या वरच्या बाजूला भोक शोधायचे, गवताचा बोळा आणि चिकट मातीचा गोळा आतल्या बाजूने पायाने ठोकून बसवायचा. बाहेरच्या बाजूने लावलेला गोळा पाण्याच्या दाबाने निघून येतो.

नोंदवहीचे काम तुमच्यासारख्या माणसाला सहज जमेल आणि शेतकऱ्याला त्याची खरी गरज असते. ते शेत पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या योजनेत असेल तर पाच किंवा अधिक शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांची शेते तपासून हमी देतो, आणि त्या तपासणीत कुठल्या तुकड्यात काय, किती, कधी घातले, बियाणे कुठले, याच्या नोंदी पाहतात. पावसाळ्यात या नोंदी राहून जातात. रोज संध्याकाळी दहा मिनिटे घरच्यांना विचारून तुकड्यागणिक लिहायचे: तारीख, काम, साहित्य, प्रमाण, किती माणसे, पाऊस किती. फोनवर नको, वहीतच लिहा, कारण तुम्ही गेल्यावर ती वही त्यांच्याच हातात राहणार आहे.

काही कामांना मात्र हात लावू नका, कुणी आग्रह केला तरी. पाण्याच्या मोटरचा स्टार्टर आणि फ्यूज, ग्रासकटर, पॉवर टिलर, बैल जुंपणे. ओल्या हाताने स्टार्टर दाबणे हे पावसाळ्यातले सर्वांत धोक्याचे काम आहे. दशपर्णी अर्क (किडींवर फवारायचा दहा झाडपाल्यांचा अर्क) करताना कण्हेर आणि रुई असते. कण्हेर विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून तिथे चष्मा, मोजे, तोंडाला फडके, आणि पाला कुटायचे काम जाणत्या माणसाकडेच. विळा पहिल्या आठवड्यात नको. नंतर गवत कापायला घेतलात तर डाव्या मुठीचा अंगठा वरच्या बाजूला राहील असे गवत धरा आणि विळा मुठीपासून वीतभर खाली चालवा. जखमा बहुतेक डाव्या हाताच्या बोटांनाच होतात, आणि त्याही थकल्यावर, शेवटच्या अर्ध्या तासात.

आरोग्याचे तर आधीच पक्के करा. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतले नसेल तर निघण्याआधी घ्या. भाताच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदरांच्या मूत्रातले जंतू पायाच्या जखमांतून शरीरात जातात. पायाला उघडी जखम असेल त्या दिवशी खाचरात उतरू नका, कोरड्यातले काम मागा. परत आल्यावर महिनाभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "भाताच्या चिखलात काम केले" हे स्वतःहून सांगा, नाहीतर तो साधा ताप समजला जातो.

सापांबद्दल: नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार मुख्य विषारी. मण्यार रात्री घरात शिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते, दुखतही नाही. म्हणून जमिनीवर झोपू नका. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवीच. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट. पेंढा, लाकडे, गोण्या उचलण्याआधी काठीने हलवा. चावलाच तर कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यातले काहीही न करता तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि सर्पविषावरचे औषध असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. असा दवाखाना कुठला, हे पोचल्या दिवशीच घरच्यांना विचारून ठेवा. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे 'दामिनी' ॲप फोनवर घ्या; गडगडाट सुरू झाला की खाचरातून बाहेर पडून पक्क्या घरात, झाडाखाली नाही.

सोबत फार काही लागत नाही. पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे तीन जोड, कारण जुलैत काही वाळत नाही. रेनकोटपेक्षा वाकून काम करायला इरल्यासारखे पाठीवर बसणारे प्लास्टिक बरे, ते तिथेच मिळेल. गमबूट बांधावर आणि गोठ्यात उपयोगाचे, खाचरात नाही. तिथे ते चिखलात रुतून बसतात. रबरी तळव्याचे हातमोजे, बॅटरी, ओआरएसची पाकिटे, पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांसाठी मलम. रोज संध्याकाळी पाय धुऊन कोरडे करून खोबरेल लावले तर चिखल्या बहुधा होतच नाहीत.

आता पैशांचा आणि न्यायाचा मुद्दा. कामाच्या बदल्यात जेवण-निवारा ही पद्धत जगभर आहे. १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड यांनी सुरू केलेली 'वूफ' ही व्यवस्था याच तत्त्वावर चालते आणि तिची शाखा भारतातही आहे. तिथेही साधारण अर्ध्या दिवसाचे काम धरतात. तुमच्या मावळच्या शेतातले पाच तास त्याला धरूनच आहेत. आठ तास मागणारा शेतकरी तुमच्याकडे मजूर म्हणून पाहतो आहे, तर मजुरी द्यायला हवी. कर्जतच्या जागेचे पैसे घेणेही मला चुकीचे वाटत नाही. आपल्याकडे कृषी पर्यटनाचे धोरण २०२० मध्ये आले, शेतकऱ्याला त्यातून उत्पन्न मिळत असेल तर चांगलेच आहे. फक्त ते पर्यटन आहे हे दोन्ही बाजूंनी ओळखून असावे.

मावळच्या घरी फोन कराल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: लावणीला गावातल्या किती बायका येतात? "यंदा तुम्ही येताय, म्हणून कुणाला बोलावणार नाही", असे उत्तर आले तर मी जाणार नाही. लावणीच्या पंधरा-वीस दिवसांची मजुरी त्या घरांच्या वर्षाच्या हिशेबात धरलेली असते. शिवाय लावणी शिकायची ती त्यांच्याच शेजारी उभे राहून. बाकी विचारायचे ते साधे: झोपायची खोली कुणाकुणात, दाराला आतून कडी आहे का, न्हाणीघर-संडास कुठे, सुटीचा दिवस कोणता, आजारी पडलो तर सांगायचे कुणाला, आणि काम शिकवणार कोण. शेवटच्या प्रश्नाला घरातल्या एका ठरावीक माणसाचे नाव मिळायला हवे. "सगळेच सांगतील" असे म्हणतात तिथे प्रत्यक्षात कुणीच सांगत नाही.

तुमच्यासाठी माझे उत्तर मावळ. पाचही आठवडे तिथेच द्या, दोन जागांत वाटू नका. १ जुलैपेक्षा ८-१० जुलैच्या सुमारास पोचा, पाऊस कसा आहे ते त्यांना विचारून, म्हणजे गिरिपुष्पाचा पाला, लावणी, नांगे भरणे आणि पहिली बेणणी असे सगळे टप्पे मिळतील. पहिल्या आठवड्याचे धान्य-किराणा म्हणून काही रक्कम स्वतःहून पुढे करा. घेतली तर ठीक, नाही घेतली तर शेवटच्या आठवड्यात एक दाताळी विळा किंवा चांगले खुरपे आणून द्या. पाठ आठवडाभरात सुधारण्याऐवजी जास्त धरली तर लपवू नका. रोपवाटिका, गांडूळखत आणि वही इतक्यावर उरलेले दिवस निघतात, आणि चांगला शेतकरी त्याला हरकत घेत नाही. कर्जतला जायचेच असेल तर मावळ झाल्यावर, पुढच्या एखाद्या सुट्टीत जा. तेव्हा तिथल्या सत्रात काय विचारायचे ते तुम्हाला माहीत असेल.